उपाध्यायांची वही आणि पणजीचे दफ्तर

गोव्यातील पेडणे किंवा सत्तरीतून एकोणिसाव्या शतकात सैन्यात गेलेल्या अथवा मुंबईला स्थलांतरित झालेल्या पूर्वजाचा माग काढताना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या आणि पणजीचे पुराभिलेख दफ्तर असे दोन मार्ग समोर येतात. वहीत गाव आणि आडनाव यांवरून आजोबा, वडील, भाऊ, मुलगे अशी साखळी एकाच पानावर सापडते. मात्र कुटुंबातील कोणी तीर्थयात्रेला गेलाच नसेल, तर पुढे वाट नाही, आणि स्त्रियांची नावे त्यात फार थोडी मिळतात, याची मला नेहमी खंत वाटते.

१५९५ साली स्थापन झालेले दफ्तर वंशापेक्षा सरकारी व्यवहार जपते. त्यामुळे १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्यास नकार देऊन बंड करणाऱ्या पोर्तुगीज सैन्यातील मराठा शिपायांच्या तुकडीत आपला पूर्वज असावा असे वाटत असेल, तर शोध इथेच घ्यावा. पोर्तुगीज लिपिकांनी प्रभूचे ‘पोरोबो’ आणि शेणवीचे ‘सिनाय’ केलेले असल्याने प्रत्येक नावाची संभाव्य रूपे आधी लिहून न्यावीत; जुन्या मराठी कागदांसाठी मोडीही यावी लागते.

माझ्या मते आधी वही पाहावी, कारण वडिलांचे नाव हाती असल्याशिवाय दफ्तरातील समान नावांची माणसे वेगळी करता येत नाहीत.