अमिता फॉन्ट : तुळशीच्या लग्नापासून आखाडापर्यंत

अंबाजोगाईत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका असो की सन्मानपत्र, गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : "अक्षर जरा वळणदार घ्या." म्हणून तुळशीच्या लग्नानंतर 'अमिता' बसवला आणि आखाड लागेपर्यंत जवळजवळ रोज वापरला.

गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. परवाना खुला, त्यामुळं छापून विकायलाही अडचण नाही. साधा आणि ठळक असे दोनच प्रकार. देवनागरी अक्षरं एदुआर्दो तुन्नी या अर्जेंटिनाच्या माणसानं काढलीत, इंग्रजी भाग 'रिड्रेस्ड' या आधीच्या फॉन्टवरून घेतलाय. कुठला कोण माणूस, आणि आमच्या चि.सौ.कां.ला त्याचं अक्षर शोभून दिसतं!

शोभतं ते मोजक्या शब्दांना. वर 'श्री योगेश्वरी प्रसन्न', मधे वधूवरांची नावं 30-32 पॉइंटात, खाली लेकरांचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' एवढंच अमितात, बाकी मजकूर साध्या फॉन्टात. जाड-बारीक रेषेची मजा मोठ्या आकारातच कळते. हे शिकायला एक पत्रिका वाया गेली. गिऱ्हाइकाच्या हट्टापायी निमंत्रकांची चाळीस नावं (आमच्याकडं भावकी मोठी) 8 पॉइंटात याच फॉन्टात लावली, तीही सोनेरी स्क्रीन प्रिंटिंगला. बारीक रेषा उडाल्या, पोकळ्या शाईनं बुजल्या, घोडके काका धोडके झाले. 500 कार्डं पदरमोड करून परत छापली.

नाव रुंद दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवायची खोड मलाही होती. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, आणि वळणदार अक्षरात तर दात पडल्यासारखं दिसतं. अंतर शून्यावर ठेवा, आकार वाढवा. 'वऱ्हाडी' टाइप करताना ऱ घ्या. नुसता र घेतला तर रफार 'ह'च्या डोक्यावर चढतो आणि दोष फॉन्टला लागतो. जुना मजकूर नॉन-युनिकोड फॉन्टातला असेल तर आधी कन्व्हर्टरमधून काढा, नाहीतर अमिता लावल्यावर नुसती चिन्हं दिसतील.

इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये मागणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नमुना काढून देतो. स्वतःचंच नाव वाचायला अडखळले की आपसूक नको म्हणतात.

फ्लेक्सला हा फॉन्ट नकोच. वाढदिवसाच्या बॅनरवर ठळक लावून बघितला, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईना.

सन्मानपत्राला मात्र डोळे झाकून घ्या. निवृत्त होणाऱ्या एका गुरुजींचं नाव ठळक अमितात, 48 पॉइंटात घेतलं होतं, भोवती भरपूर जागा सोडून. चार दिवसांनी गुरुजी ते काचेत मढवून दुकानात घेऊन आले. म्हणाले, "हे हातानं काढलंय का हो?" मी फॉन्टचं नाव सांगितलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.