पाठीतली भूल की पूर्ण भूल?

हर्निया किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी हा पेच हमखास पडतो. उपाशी राहणं दोन्हीकडे सारखंच: हलकं खाणं 6 तास, साधं पाणी 2 तास आधी बंद. पाठीतली अपुरी पडली तर पूर्ण द्यावी लागते, म्हणून.

पाठीतल्या इंजेक्शनमध्ये कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने जेमतेम 2-3 मिलि औषध जातं. पाय जड होतात, रक्तदाब उतरू शकतो, लघवी अडू शकते. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं तर उठून बसताच डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं. ‘कंबर कायमची जाते’ ही मात्र अफवा.

पूर्ण भूल दिली की बहुधा श्वासनलिकेत नळी. नंतर घसा खवखवतो, मळमळतं.

फुप्फुसं कमजोर असतील तर सहसा पाठीतली बरी. रक्त पातळ करणारं औषध वेळेत थांबवलेलं नसेल (एकटी अ‍ॅस्पिरिन सहसा आड येत नाही), टोचायच्या जागी संसर्ग असेल किंवा ऑपरेशन फार लांबणार असेल, तर पूर्ण.