मणके जोडलेल्या पाठीसाठी: भारी खुर्ची की वर-खाली होणारं टेबल?

फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडायची शस्त्रक्रिया, होऊन पाच-दहा वर्षं झालेल्या कुणाशीही बोला, विषय फिरून बसण्यावर येतो. चालणं जमतं, झोपायची एक बाजू सापडलेली असते, वाकायचं ते कमरेतून नाही तर खुब्यातून, हेही अंगवळणी पडलेलं असतं. बसणं मात्र वर्षागणिक अवघड होत जातं. मग एक दिवस माणूस ठरवतो की आता पैसे खर्च करायचे, आणि प्रश्न पडतो: चांगली अर्गोनॉमिक खुर्ची घ्यावी की मोटरवर वर-खाली होणारं टेबल? मी दोन्ही घेतलं, आधी खुर्ची आणि दीड वर्षानं टेबल. दोन्हींसोबत राहिलोय म्हणून लिहितोय.

माझी पाठ कशी आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्कोलिओसिसचा, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचा, बाक ५८ अंशांचा होता. पंधराव्या वर्षी टी-४ ते एल-३ (पाठीचा चौथा ते कमरेचा तिसरा) असे बारा मणके दोन रॉड लावून जोडले. त्याला आता बावीस वर्षं झाली. खाली मणक्यांमधल्या हलणाऱ्या तीनच गाद्या उरल्यात आणि त्यातली सगळ्यात खालची झिजायला लागलीय. उजव्या बाजूचा फासळ्यांचा उंचवटा शस्त्रक्रियेनंतर कमी झाला, पण गेला नाही. रोजचे आठ-नऊ तास कॉम्प्युटरसमोर जातात. तुमचे मणके वेगळ्या जागी जोडलेले असतील, तर माझं म्हणणं तेवढ्या फरकानं घ्या.

खुर्चीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. हात ठेवायच्या जागा वर-खाली, आत-बाहेर होतात, याचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. जोडलेल्या भागाच्या वरची मान आणि खांदे दिवसभर जास्तीचं काम करत असतात. दोन्ही हातांचं वजन खुर्चीनं उचललं की संध्याकाळी मानेचा दगड होत नाही. मागे रेलायची सोयही तितकीच मोलाची. दुपारी चारनंतर दहा मिनिटं मागे रेललो की खालच्या गाद्यांना बरं वाटायचं. पहिले दोन आठवडे तर मी भेटेल त्याला ही खुर्ची घ्यायला सांगत होतो.

मग लंबर सपोर्ट बोचायला लागला.

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझा निर्णय इथेच झाला. जवळपास प्रत्येक चांगल्या खुर्चीत कमरेच्या जागी एक फुगवटा असतो, तोच लंबर सपोर्ट. न जोडलेल्या पाठीला तो मागून ढकलतो, कणा त्याच्याभोवती हलकेच वळतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. माझा कणा वळत नाही. तो फुगवटा माझ्या एल-२च्या आसपास लागायचा, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाशी. तिथे ढकललं की मधली पाठ एखाद्या काठीसारखी अख्खीच्या अख्खी पुढे कलायची आणि खांदे खुर्चीपासून सुटायचे. खांदे मागे टेकवायला गेलो की बूड पुढे सरकायचं आणि सगळा ताण उरलेल्या तीन गाद्यांवर यायचा. नेमक्या ज्या गाद्या मला जपायच्या आहेत, त्यांच्यावरच. फुगवटा खाली घेतला तर तो शेवटच्या स्क्रूखाली, माकडहाडाच्या वर रुतायचा. वर घेतला तर बरगड्यांना लागायचा. पूर्ण आत घेतला तरी अंगठ्याएवढा बाहेर राहायचाच, आणि काढून टाकायची सोय नव्हती. मी दिवसातून वीसेक वेळा ती कळ फिरवत असेन. शेवटी हात आपोआप तिकडे जायला लागला.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी दिव्याचा उजेड खुर्चीवर तिरका पडला होता, तेव्हा एक गोष्ट दिसली. खुर्चीची जाळी उजवीकडे, खांद्याच्या हाडाखाली, तळव्याएवढ्या जागेत सैल पडून खोलगट झाली होती. डावीकडची जाळी नव्यासारखी ताणलेली. म्हणजे आठ महिने मी फक्त उजव्या फासळ्यांवर टेकत होतो. उंचवटा आधी टेकतो, त्यामुळे उजवी बाजू पुढे ढकलली जाते, छाती डावीकडे वळते आणि स्क्रीनकडे बघायला मान उजवीकडे वळवून ठेवावी लागते. ज्या डोकेदुखीसाठी मी चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला होता, ती इथून येत होती असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण खुर्ची सुटल्यावर महिन्याभरात ती थांबली.

यात खुर्चीचा दोष नाही. ती हलणाऱ्या पाठीसाठी बनवलेली आहे आणि पाठीनं आपल्याशी जुळवून घ्यावं अशी तिची अपेक्षा असते. माझ्या पाठीला तेच जमत नाही.

टेबल पाठीकडे काहीच मागत नाही, हा मला जाणवलेला मोठा फरक. बसून कंटाळलेला माणूस नकळत सारखा हलत असतो: जरा पोक काढतो, जरा ताठ होतो, एका कुशीवर कलतो. या बारीक हालचाली पाठीतल्या अनेक सांध्यांमध्ये वाटल्या जातात. आपल्याकडे ती सोय नसते. आपण चुळबुळ केली तरी हलतात ते खुबे, मान आणि खालच्या दोन-तीन गाद्या. त्यामुळे आपल्याला स्थिती बदलायची तर अख्खं शरीरच बदलायला हवं, बसलेल्याचं उभं आणि उभ्याचं बसलेलं. टेबलानं मला तेवढंच दिलं आणि तेवढं पुरलं. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांनी मी बटण दाबतो. हातातलं काम थांबत नाही, वाक्य अर्धं असतानाच टेबल वर येतं आणि मी उरलेलं वाक्य उभ्यानं पुरं करतो.

उभं राहणं गाद्यांसाठी चांगलंच असतं, असं मी म्हणत नाही. १९६०च्या दशकात स्वीडनच्या अल्फ नॅकेमसन यांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता, आणि आधार नसताना बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला होता. टेबलाची बाजू घेणारे अजूनही तोच दाखला देतात. पण १९९९मध्ये जर्मनीतल्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसावर पुन्हा मोजलं, तेव्हा आरामात बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा किंचित कमीच आला. शिवाय दोन्ही मोजमापं आपल्यासारख्या लांबलचक जोडलेल्या पाठींची नाहीत. म्हणून मी दाबाच्या आकड्यांवरून ठरवलं नाही. संध्याकाळी सातला गाडीतून उतरताना दाराला धरावं लागतं की नाही, हे माझं माप आहे. खुर्चीच्या दिवसांत धरावं लागायचं.

टेबलाचे त्रासही आहेत. पहिल्या आठवड्यात उत्साहानं दोन-दोन तास उभा राहिलो आणि टाचा आणि कंबर दोन्ही धरले. एका जागी खिळून उभं राहणं बसण्याइतकंच वाईट. आता पायाखाली जाड मऊ चटई असते आणि एक पाय आलटूनपालटून बुटक्या पाटावर ठेवतो. त्यानं कमरेला लगेच उसंत मिळते. काही टेबलं पूर्ण उंचीवर टाइप करताना थरथरतात. ते इतरांना चालून जाईल, पण वरच्या मणक्यांना ते जाणवतं. आणि हातानं फिरवायच्या दांड्याचं टेबल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. दांडा टेबलाच्या कडेखाली असतो, तो फिरवायला वाकावंही लागतं आणि कंबर पिळावीही लागते. दिवसातून दहा वेळा ते करायचं म्हणजे चार दिवसांत टेबल एकाच उंचीवर अडकून पडणार. माझ्या ओळखीत एकाचं तसं झालंय.

स्क्रीनचं मात्र दोन्हीकडे सारखंच. आपण खाली बघतो ते फक्त मानेनं. लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून काम करणार असाल, तर खुर्ची घ्या किंवा टेबल, मान दुखणारच. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणि कीबोर्ड वेगळा, ही सोय सगळ्यात आधी करा.

आता खुर्ची कुणी घ्यावी? ज्यांना जुन्या पद्धतीचा हॅरिंग्टन रॉड आहे, त्यांनी टेबलाआधी नीट विचार करावा असं मला वाटतं. पॉल हॅरिंग्टन यांची ती पद्धत १९६२मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढची दोन दशकं बहुतेक ठिकाणी तीच वापरली गेली. त्यात कणा ताणून सरळ केला जायचा, आणि जोड कमरेत खालपर्यंत गेला असेल तर कमरेचा नैसर्गिक बाकही बऱ्याच जणांचा सपाट व्हायचा. अशा पाठीचा माणूस उभा राहिला की दिवस चढेल तसा पुढे झुकत जातो आणि तोल सांभाळायला गुडघे दुमडून ठेवतो. त्याला उभं राहणं हाच त्रास, तर उभं राहायचं टेबल काय कामाचं? त्याच्यासाठी मागे रेलणारी खुर्ची माझ्या मते नक्कीच बरी. ज्यांचा जोड थेट त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडापर्यंत गेलाय, त्यांची गोष्टही वेगळी. बसताना त्यांच्या ओटीपोटाचं हाड मागे कलत नाही, सगळं वाकणं खुब्यांना करावं लागतं. त्यांना खुर्ची हवीच, पण उंच बैठकीची, गुडघे खुब्यांपेक्षा जरा खाली राहतील अशी. शस्त्रक्रियेला वर्षही झालं नसेल, तर सर्जन सांगतील तेच करा. जोड पक्का व्हायच्या आधी हा प्रश्न सोडवायची घाई नको.

खुर्चीच घ्यायची ठरली, तर दुकानात निदान अर्धा तास बसा. लंबर सपोर्ट पूर्ण काढता येतो का ते विचारा. येत नसेल तर मी ती खुर्ची घेणार नाही. सोबतच्या माणसाला मागे उभं राहून बघायला सांगा की दोन्ही खांद्यांची हाडं टेकतायत की एकच. आपल्याला स्वतःला ते कळत नाही, बावीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

दोन्हींपैकी एकच घेता येणार असेल आणि तुमची पाठ साधारण माझ्यासारखी असेल, तर मी टेबलाकडे झुकेन. त्यासमोर मी आता जेवणाच्या टेबलाची साधी, सपाट पाठीची लाकडी खुर्ची वापरतो. डावीकडे, खांद्याच्या हाडाखाली जी पोकळी राहते, तिथे हात पुसायचा टॉवेल चार घड्या घालून ठेवतो. तेवढ्यानं छाती स्क्रीनकडे सरळ होते. टॉवेल दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो, आणि धुतल्यावर पुन्हा घड्या घालताना एक घडी कमी-जास्त झाली तरी पाठीला लगेच कळतं.