बूस्ट एझिओ: डेटाग्राम सोपवा आणि पुढच्या कामाला लागा

सी प्लस प्लसच्या बूस्ट संग्रहात २००८ पासून असलेल्या एझिओ या नेटवर्किंग लायब्ररीतील यूडीपी (पोहोचपावती न मागता संदेश पाठवण्याची पद्धत) सॉकेटचे ‘असिंक सेंड टू’ हे फंक्शन डेटाग्राम (एक सुटा संदेश) रवाना होण्याची वाट न पाहता लगेच परतते आणि काम संपल्यावर आपण दिलेला हँडलर, म्हणजे त्यासाठी लिहिलेले फंक्शन, चालवला जातो. रचना नेटकी आहे; मात्र लायब्ररी बफरमधील (पाठवायचा मजकूर ठेवलेल्या मेमरीतील) मजकुराची प्रत करून घेत नाही, त्यामुळे हँडलर येईपर्यंत तो शाबूत ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली असते, आणि फंक्शन संपताच नाहीसे होणारे त्यातले स्थानिक व्हेरिएबल दिले तर संदेशाऐवजी कचराही जाऊ शकतो. शेअर्ड पॉइंटर (कोणी वापरत आहे तोवर मजकूर जिवंत ठेवणारा पॉइंटर) हँडलरमध्ये धरून ठेवणे हा रूढ उपाय, पण नवशिक्याला (आणि थकलेल्या जाणकारालाही) तो वेळेवर सुचेलच असे नाही. शिवाय यशाचा संकेत म्हणजे डेटाग्राम ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झाला एवढेच. तो पोहोचला, असे नव्हे.