दवाखान्याच्या गाळ्याचा सात-आठ महिन्यांचा अनुभव (म्हणजे मुख्यतः एका पाइपचा)

कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर गाळा घेऊन डेंटिस्टला दिलाय. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती, भाव काय, भाडं किती टक्के सुटतं हे एजंट न विचारता सांगतो, ड्रेनेजचं कुणी बोलत नाही. परवा खालच्या चष्मेवाल्याचा फोन, "काका, तुमच्या डॉक्टरचं पाणी माझ्या फ्रेमांवर ठिबकतंय."

तर दाताच्या खुर्चीला पाणी लागतं, कॉम्प्रेसरची हवा लागते आणि चूळ भरलेलं पाणी वाहून न्यायला पाइप लागतो. गाळा ऑफिससाठी बांधलेला, आउटलेट एका कोपऱ्यात आणि खुर्ची बरोब्बर दुसऱ्या टोकाला, मग फरशी चार इंच उचलून खालून पाइप नेला, त्याला ढाळ पुरेसा नाही, दाताचं माप घ्यायची पावडर त्यात बसली, तुंबलं आणि जॉइंट सुटला. करारात लिहिलंय आतली दुरुस्ती भाडेकरूची, स्ट्रक्चरल मालकाची. आता फरशीखालचा पाइप कशात धरायचा? सोसायटीने तर लगेच हात वर केले. सीए म्हणतो भाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च करा नाहीतर नका करू, प्लंबरचं बिल वेगळं दाखवता येणार नाही. झालं!

इथपर्यंत लिहिलं तेव्हा "या भानगडीत पडू नका" असंच म्हणणार होतो. पण डॉक्टरांनी रविवारी स्वतः उभं राहून फरशी फोडून घेतली आणि निम्मे पैसे दिले, कुरकुर न करता. आत त्यांचं फर्निचर, एक्स-रे मशीन, पेशंटला पत्ता पाठ झालेला, हा माणूस हलत नाही हो. साध्या ऑफिसवाल्याचं तसं नसतं, टेबल-खुर्च्या टेम्पोत टाकल्या की संपलं.

जीएसटीचं म्हणाल तर माझी सगळी उलाढाल 20 लाखांच्या आतच, त्यामुळे प्रश्न नाही. ज्यांना 18 टक्के लावावा लागतो त्यांच्याशी डॉक्टर लोक घासाघीस करणारच, उपचारांवर जीएसटी नाही म्हणून त्यांना भाड्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (म्हणजे वजावट) मिळत नाही, तो पैसा खिशातूनच जातो. आणि लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाड्याचा करार) रजिस्टर कराच, कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे.

चष्मेवाल्याचं मात्र मिटलेलं नाही. डाग ताटाएवढा, त्याला छताचं पीओपी अख्खं नवीन हवंय. मी तेवढ्या तुकड्याचेच पैसे देणार.