पोरांसाठी गळाचा ‘कॉम्बो सेट’ मागवताय? आधी पुडकं तपासायचं कसं ते वाचा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की भाचे-पुतणे नाशकात येतात. गंगापूर, दारणा, मुकणे, काश्यपी अशी धरणं हाकेच्या अंतरावर. मग एखाद्या मामाच्या किंवा काकाच्या मनात येतं की पोरांना मोबाइलमधून बाहेर काढावं आणि गळ टाकायला शिकवावं. ही हौस बरोब्बर हेरून त्याच दिवसांत जाहिरात फिरायला लागते: ‘ज्युनिअर शिकारी कॉम्बो. कार्बन रॉड, १३ बेअरिंगचं रील, १०० मीटर लाइन, शंभर नग लूर-गळ, लाइफ जॅकेट, पोलराइज्ड गॉगल आणि ट्रेनिंग कॅम्पचा पास. मूळ किंमत ८,९९९, आजच्या दिवस २,४९९.’

सिडकोतल्या एका मामांनी अकरा आणि चौदा वर्षांच्या भाच्यांसाठी असे दोन सेट मागवले. पैसे आधी भरायचे, माल घरी आल्यावर रोख देण्याची सोय नाही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ४,९९८ रुपये गेले, कॅम्पची ‘नोंदणी’ म्हणून वर आणखी हजार. माल आला, हे त्यातल्या त्यात विशेष. कित्येकांना तोही येत नाही. पण त्या खोक्यातली एकेक वस्तू खोलून बघितली तर फसवणूक कुठे कुठे लपवता येते ते नीट कळतं.

सगळ्यात वाईट वस्तू होती लाइफ जॅकेट. रॉड मोडला तर मासा जातो. इथे पोरगं जाऊ शकतं, म्हणून आधी हेच. वरून चकचकीत नारिंगी कापड, रुपेरी पट्ट्या, छातीवर ‘१०० एन’ असा छाप, म्हणजे १०० न्यूटन, तरंगवून धरण्याच्या ताकदीचा आकडा. बनवणाऱ्याचं नाव नाही, किती वजनाच्या मुलासाठी तेही नाही. बाजूची शिवण चार बोटं उसवली तर आतून सोफ्याच्या स्पंजचे फाटके तुकडे निघाले, पातळ पॉलिथिनच्या पिशवीत कोंबलेले. स्पंजची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पिशवीला सुईएवढं भोक पडलं तरी तो पाणी पितो आणि जड होतो. खऱ्या जॅकेटातला फोम बंद छिद्रांचा असतो. पाण्याखाली धरून दाबला तरी त्यातून बुडबुडे येत नाहीत.

शिवण न उसवता तपासायचं असेल तर पाण्याचा ड्रम आणि किराणा दुकानातली लोखंडी वजनं पुरतात. जॅकेटवरचा न्यूटनचा आकडा दहाने भागा. साधारण तेवढे किलो त्याने पाण्यात तोलून धरायला हवेत. ५० न्यूटन म्हणजे जवळपास पाच किलो. यात एक मेख आहे. लोखंड पाण्यात हलकं होतं, पाच किलोचं वजन पाण्यात साधारण ४.३ किलोच भरतं. त्यामुळे ५० चा आकडा लिहिलेलं जॅकेट पाच किलोच्या लोखंडासकट आरामात तरंगलंच पाहिजे. विटा वापरू नका, त्या पाण्यात जवळजवळ निम्म्याच भरतात आणि नापास जॅकेटही पास होतं. पहिल्यांदा तरंगलं म्हणून खूश होऊ नका. ड्रममध्ये वजनासकट रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. मामांनी आणलेलं जॅकेट संध्याकाळी पाच किलोला कसंबसं टिकलं, सकाळी तळाशी होतं. १०० न्यूटनच्या नावाखाली!

५० न्यूटनचा वर्ग पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तेव्हाचा. पोहता न येणाऱ्या पोराला १०० च्या वर्गातलंच द्यावं. लहान मापात प्रत्यक्ष आकडा कमी असू शकतो, म्हणून ‘किती किलोच्या मुलासाठी’ ही ओळ लेबलवर असायलाच हवी. ‘मोठं घेऊ, पुढच्या वर्षीही होईल’ हा हिशोब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून कानापर्यंत येतं आणि मूल खालून निसटतं. घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्यापाशी धरून वर ओढा. हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलं. लहान मुलाला पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या.

आता लाइन. रिळावर लिहिलं होतं ‘०.२८ मिमी, २२ किलो’. नायलॉनची एकेरी तार या जाडीत पाच-सहा किलोच्या आसपास ताण घेते. ०.३५ मिमीला आठ-नऊ, ०.४० ला दहा-अकरा किलो. ०.२८ मध्ये २२ किलो पेलणारं नायलॉन बाजारात नाही, कुठल्याही भावात नाही. विणलेली ब्रेडेड लाइन त्याच जाडीत बरीच जास्त घेते, म्हणून विकणारे तिचा आकडा नायलॉनच्या रिळावर छापून मोकळे होतात. घरी तपासायचं तर लाइन गुळगुळीत पाइपला सात-आठ वेढे देऊन बांधा. थेट गाठ मारली तर ती गाठीशीच लवकर तुटते आणि आकडा चुकतो. खालच्या टोकाला बादली, तीही जमिनीपासून वीतभरच वर. लिटरच्या मापाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन वेगळं धरा. तुटताना लाइन चाबकासारखी उसळते, तोंड बाजूला ठेवा आणि पोरांना लांब उभं करा. मामांच्या लाइनीने पाचवा लिटर पूर्ण होऊ दिला नाही.

हा आकडा खोटा असला की पुढचं सगळंच बिघडतं. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन सोडणारा ब्रेक, लाइनीच्या खऱ्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा असतो. २२ किलो खरं मानून कुणी तो सहा किलोवर लावला तर ब्रेक सुटण्याआधी लाइन तुटते आणि कटला मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. पाच किलोच्या लाइनीला ड्रॅग सव्वा ते दीड किलो पुरे. बॅगा तोलायचा हुकवाला काटा लाइनीला अडकवून ओढा आणि लाइन सुटायला लागली की आकडा वाचा. त्याच वेळी रीलची परीक्षाही होते. चांगला ड्रॅग सलग सुटतो, स्वस्तातला अडखळत झटके देतो. ‘ड्रॅग १५ किलो’ हे लहान २५०० मापाच्या रीलवर लिहिलेलं दिसलं की ते खोकं खाली ठेवावं.

लांबीतही मारतात. रीलच्या हँडलची एक फेरी फिरवून किती लाइन गुंडाळली जाते ते एकदा मोजा, २५०० च्या रीलला साधारण ७० सेंमी येते. मग नवी लाइन भरताना फेऱ्या मोजायच्या. शंभर मीटरला एकशेचाळीसच्या आसपास फेऱ्या व्हायला हव्यात. इथे ऐंशी-पंच्याऐंशीतच रीळ रिकामं झालं, म्हणजे जेमतेम साठ मीटर. हे वजनमापाचं उल्लंघन आहे, आणि त्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. बहुतेकांना वाटतं हा विभाग फक्त पेट्रोल पंप आणि तराजू तपासतो.

रीलवर एका नामांकित जपानी कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदललेलं. ‘१३ बेअरिंग’पैकी खरी किती ते मोजत बसण्यात अर्थ नाही, बेअरिंगच्या संख्येने रील चांगलं होत नाही. हँडल उलट फिरवून बघा. एका जागी ठाम अडलं तर ठीक, पाव फेरी मागे गेलं तर नको.

‘कार्बन’ रॉडचा निकाल मल्टिमीटर लावतो. कार्बन फायबरमधून वीज वाहते, काचेच्या फायबरमधून नाही. दुर्बिणीसारखा आत सरकणारा रॉड असेल तर एखाद्या नळीच्या कापलेल्या कडेला रंग नसतो, तिथे मीटरच्या दोन्ही सुया टेकवा. काटा ढिम्म राहिला तर ते फायबर ग्लास. फायबर ग्लास वाईट नव्हे. नवशिक्या पोरासाठी उलट बरा, दणकट असतो. वाईट आहे ते कार्बनच्या भावात तो विकणं. आणि खरा कार्बन घेतलात तर एक गोष्ट पोरांच्या डोक्यात पक्की बसवा: शेतातल्या, कालव्याकाठच्या विजेच्या तारांखाली रॉड उभा धरायचा नाही. जी चाचणी रॉड खरा ठरवते, तीच त्याचा धोकाही सांगते.

लाइन जाते त्या कड्यांमधून कानात घालायचा कापूस फिरवा. धागे अडकले तर आतली सिरॅमिकची रिंग तडकलेली आहे आणि ती रोज लाइन कापत राहील.

‘शंभर नग लूर-गळ’मध्ये (लूर म्हणजे नकली आमिष) मणी, कड्या आणि स्विव्हल, म्हणजे लाइनीला पीळ पडू नये म्हणून लावायच्या फिरत्या कड्यासुद्धा एकेक नग धरल्या होत्या. गळ लाकडात रोवून पक्कडीने ओढले तर सरळ झाले. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवलं की रुतून थांबायला हवं. हे घसरत होते. गॉगलचं काय सांगायचं! लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवला की पोलराइज्ड काच एका कोनात काळी पडते. ही पडली नाही, नुसती रंगवलेली काच. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडवले नाहीत तर डोळ्यात जास्तच जातात, म्हणून असल्या गॉगलपेक्षा टोपी बरी.

कॅम्पचा पास हा या सगळ्याचा कळस. लॅमिनेट केलेलं कार्ड, गोल शिक्का, ‘मत्स्य विभाग मान्यताप्राप्त’, आणि ठिकाण नांदूर मध्यमेश्वर. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, ‘रात्री पोरांना ससा-तितराची शिकारपण दाखवू, एअरगन आमची.’ नांदूर मध्यमेश्वर हे निफाड तालुक्यातलं पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिथला पास कुणी खाजगी माणूस विकू शकत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे; सापळा लावणं, हाकारा देणं, नुसता प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. एअरगन म्हणून सूट मिळत नाही. आजोबांच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी पोरांना जरूर सांगा, पण असल्या कॅम्पला पाठवलंत तर गुन्ह्यात नाव तुमचंही येईल.

धरणावर गळ टाकायची रीत वेगळी आहे. राज्यातल्या बहुतेक जलाशयांचा मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून सहकारी संस्थांना दिलेला असतो. म्हणून कुणी पास दिला तर त्यावर जलाशयाचं नाव, ठेका घेतलेल्या संस्थेचं नाव, तारखा आणि पावती क्रमांक आहे का बघा. नंतर सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात किंवा थेट त्या संस्थेकडे विचारा. आणि परवानगी असली तरी धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचं तोंड इथे पोरांना नेऊ नका. विसर्ग सुटला की पाणी पोराच्या पायांपेक्षा वेगाने चढतं.

मामांनी पैसे परत मागितले तेव्हा दुसरा डाव पडला. ‘रिफंड’साठी क्यूआर कोड आला. स्कॅन करून पिन टाकला आणि पुन्हा ४,९९८ रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. इथे वेळ महत्त्वाची: लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच तासात कळवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो नसेल तर फोनवरच वेळ जातो.

मालाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. तिथे तोंडी हकीकत चालत नाही. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, बोलणं झालेल्या चॅट आणि पुडक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो लागतात. पुडक्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, नग किंवा लांबी, महिना-वर्ष आणि बाहेरचा माल असेल तर मूळ देश छापलेला असणं बंधनकारक आहे. मामांच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं, आणि तोच त्यांच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम मुद्दा ठरला.

सेट मागवायचाच नसेल तर सुटं घ्या, दुकानात जाऊन, हातात धरून. अकरा वर्षांच्या पोराला साडेपाच ते सहा फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड, त्यावर ‘५–२० ग्रॅम’ असा फेकायच्या वजनाचा आकडा छापलेला. २५०० चं साधं रील, ०.२८ किंवा ०.३० ची नायलॉन लाइन. रोहू-मिरगळला कणकेच्या गोळीसाठी सहा ते आठ नंबरचे गळ डझनभर, आणि त्यांच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, म्हणजे बोटात गेला तरी सरळ निघतो. मरळ माशासाठीचं रबरी बेडकाचं नकली आमिष पुढच्या वर्षी. शिशाच्या गोळ्या पोरं दाताने दाबतात, ते पहिल्या दिवशीच बंद करा आणि हात धुवायला लावा. पहिला आठवडा पाण्यावर जायचंच नाही. मैदानात दहा पावलांवर परात ठेवायची, लाइनीला गळाऐवजी दहा ग्रॅमचं नुसतं वजन बांधायचं आणि फेकण्याआधी मागे वळून बघायची सवय लावायची. तेवढ्या दिवसांत लाइफ जॅकेटची ड्रममधली परीक्षाही उरकते.