सी लायब्ररी: आतली फंक्शनं लपवायची, पण टेस्टही करायची. मार्ग कोणता?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान मॉडबस आरटीयू या सिरियल प्रोटोकॉलवरून वाचणारी लायब्ररी घ्या. ग्राहकाला चारच फंक्शनं लागतात: भट्टी_उघडा, भट्टी_वाचा, भट्टी_सेट, भट्टी_बंद. आत मात्र सीआरसी१६ (आलेल्या संदेशाचा, म्हणजे फ्रेमचा, चेकसम काढणारं) सारखी बरीच. लिनक्सवर काही न सांगता .एसओ (शेअर्ड लायब्ररी) बांधली, की स्टॅटिक (एका फाइलपुरतं मर्यादित) नसलेलं प्रत्येक फंक्शन बाहेर दिसतं. त्याच प्रोग्रॅममध्ये वजनकाट्याच्या लायब्ररीचंही सीआरसी१६ असेल, तर लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) आधी सापडेल ते दोघींच्या गळ्यात पडतं. मग फ्रेम बरोबर असूनही चेकसम चुकतो. तेव्हा लपवायला हवंच.

स्टॅटिक हा सर्वांत पक्का बंदोबस्त. टेस्टमध्ये मूळ .सी फाइलच इन्क्लुड करायची. एका फाइलपुरतं झकास. पण दोन फाइलींना लागणारं फंक्शन स्टॅटिक करता येत नाही. टेस्टपुरता स्टॅटिक उडवणारा मॅक्रो टाळा, त्यानं ग्राहकाकडे जाणारा कोड वेगळा आणि तपासलेला वेगळा होतो.

आमची पसंती -एफव्हिजिबिलिटी=हिडन या कंपायलरच्या पर्यायाला. जीसीसी कंपायलरमध्ये तो ४.० पासून आहे. चार फंक्शनांवर व्हिजिबिलिटी डिफॉल्टचं अॅट्रिब्यूट लावा, बाकी सगळं झाकलं जातं. यातली मेख अशी, की हे झाकण .एसओ बांधून झाल्यावर लागू होतं; .ओ (कंपाइल झालेल्या) फाइली एकमेकींचे हिडन सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलांची नावं) बिनदिक्कत वापरतात. टेस्ट .एसओला जोडली तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येणारच. म्हणून त्याच .ओ फाइलींची .ए (स्टॅटिक लायब्ररी) करून टेस्ट तिला जोडा (सीमेक या बिल्ड साधनात ऑब्जेक्ट लायब्ररी). ‘१२३४५६७८९’ दिल्यावर सीआरसी१६ नं ०एक्स४बी३७ द्यावं, हे थेट तपासता येतं. एकाच टेस्टला .ए आणि .एसओ दोन्ही मात्र जोडू नका. आतल्या ग्लोबल व्हेरिएबलच्या दोन प्रती होतात, टेस्ट एक बदलते आणि लायब्ररी दुसरी वाचते. असा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

पुढचा मार्ग व्हर्जन स्क्रिप्ट, म्हणजे कोणती नावं बाहेर दाखवायची ते लिंकरला सांगणारी फाइल. तिच्यात ग्लोबलखाली चार नावं, लोकलखाली तारांकन. जुन्या बायनरी चालू ठेवायच्या असतील तर तिचे व्हर्जन-लेबल (सिम्बॉलवरची आवृत्तीची खूण) हवेतच. पण ती लिंकरला कळते, कंपायलरला नाही; -एफपिक (.एसओसाठी द्यावा लागणारा पर्याय) सोबत आतली फंक्शनं इनलाइन करायला जीसीसी कचरतो. म्हणून ती हिडनच्या जोडीला वापरा, बदली नको.

ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीतल्या ग्लिबसी_प्रायव्हेट सारखं खासगी व्हर्जन-लेबल तेव्हाच, जेव्हा टेस्ट ग्राहकाकडच्या .एसओवरच चालवायची असते. दार उघडंच राहतं, कोणीही त्याला लिंक करू शकतो.

ग्राहकाला .ए द्यायची असेल तर हिडनचा उपयोग नाही. एलडी -आर नं सगळ्या .ओ एकत्र करून ऑब्जकॉपी --लोकलाइझ-हिडन चालवा.

.एसओ देताना काहीही निवडलं तरी सीआयमध्ये (दर बदलानंतर आपोआप होणारी बिल्ड-तपासणी) एनएम -डी (कॅपिटल) --डिफाइन्ड-ओन्ली ठेवा, ते बाहेर दिसणारी नावं दाखवतं. ठरलेल्या यादीबाहेरचं नाव दिसलं की बिल्ड तिथंच थांबवा.